चुनावर तेल, तूप की भुरका? एकाच घरात पाच जणांच्या पाच चवी काहून असतात

चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं. चून-भाकर सगळ्यांनाच आवडते, त्याच्यावर कोणाचा वाद नसतो, वाद सुरू होतो ताटात चून पडल्यावर. आजीला त्याच्यावर कच्चं जवसाचं तेल पाहिजे, बाबांना भुरका (तेलात परतलेलं लाल तिखट), आईला फक्त कांदा आणि लोणच्याचा खार, कॉलेजातून सुट्टीत आलेला पोरगा तूप मागतो आणि लहान पोट्टी चुनावर टाकलेला सांबार एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावत बसते (विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर). मग कोणीतरी मोठं माणूस ओरडतंच, "काय नखरे लावले बे, जे वाढलं ते खा न गुपचूप!"

मला याच्यावरच लिहायचंय, कारण यातलं बरंचसं नखरे नसतातच. पाच जण एकाच कढईतलं चून खात असले तरी पाच जणांच्या तोंडात ते वेगवेगळं लागतं, खरोखर वेगळं लागतं, आणि त्याची कारणं आता सायन्सला बऱ्यापैकी माहीत आहेत. काही कारणं जन्मापासूनची, काही आईच्या स्वयंपाकाची, काही वयाची, आणि एक कारण असं आहे की ज्याच्याकडे आपल्या भागात सगळ्यांनी सिरियसली बघायला पाहिजे, ते पुढे सांगतो.

आधी जिभेचं बघू. शाळेत बऱ्याच जणांनी जिभेचा नकाशा काढला असेल, टोकाला गोड, बाजूला खारट-आंबट, मागे कडू. तो नकाशा चुकीचा आहे. १९०१ साली हॅनिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मोजून सांगितलं होतं की जिभेच्या वेगवेगळ्या भागांत चव कळण्यात किरकोळ फरक असतो, पुढे दुसऱ्यांनी तेच आकडे मांडताना तो फरक फुगत गेला आणि पुस्तकात त्याचा नकाशा होऊन बसला. जिभेवर चवीच्या कळ्या जिथे जिथे आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. या चवी पाच मानतात, गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, जी जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून शोधून काढली. मटणाच्या रश्श्यात, पिकलेल्या टमाटरात जी भरीव चव लागते ना, तीच ती.

आता या यादीत तिखट कुठे आहे? नाहीच. विदर्भातल्या माणसाला हे पटायला जड जातं पण तिखट ही चव नाहीच, ती आग आहे. म्हणजे अंगाला चटका बसल्यावर जी नस मेंदूला खबर देते तीच नस मिरची खाल्ल्यावर खबर देते. त्याच्याकडे मी येतोच, आधी नाकाचं सांगू द्या, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो.

वाड्याला जसं समोरचं दार आणि मागचं परसदार असतं तसे वासालाही नाकात शिरायचे दोन रस्ते आहेत. समोरून हुंगतो तो एक, आणि घास चावताना तोंडातली वाफ घशाच्या मागून वर नाकात चढते तो दुसरा. फोडणीतल्या लसणाची, जिऱ्याची, सांबाराची जी ओळख पटते ती या मागच्या रस्त्याने, जिभेला त्यातलं फार काही कळत नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत हे गावागावात लोकांनी अनुभवलं, वास गेला आणि वरण-भात नुसता खारट मऊ लगदा लागायला लागला, मीठ कळत होतं, आंबट कळत होतं, पण वरण कळत नव्हतं. आणि वासाची खबर मेंदूत आठवणीच्या आणि भावनेच्या भागांच्या अगदी जवळ जाऊन पोचते, म्हणून पुण्या-मुंबईत रूमवर राहणाऱ्या पोराला कुठून चुनाच्या फोडणीचा वास आला की त्याला आधी घर आठवतं आणि मग भूक लागते.

आता तेल. विदर्भाबाहेरच्या पाहुण्याला आपण चुनावर, खिचडीवर कच्चं तेल ओततो हे बघून धक्का बसतो. पण यात साधं शास्त्र आहे. मसाल्याचे, लसणाचे, हिंगाचे जे वास आहेत ते बहुतेक पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. गरम चुनावर तेल पडलं की ते वास तेलात उतरतात, तेल जिभेवर पसरतं आणि घास गिळल्यावरही वास थोडा वेळ येत राहतो. भाकर कोरडी, चून घट्ट, त्यात तेल नसलं तर घास घशात अडकतो हेही आहेच, पण नुसतं ओलं करायचं असतं तर पाणी चाललं असतं, चालत नाही कारण पाणी वास धरून ठेवत नाही. वडाभात आणि गोळाभातावर मोहरी, हिंग, लाल मिरचीची फोडणी वरून ओततात तेही याच हिशोबाने, नुसते गोळे कुस्करून भात खाऊन बघा आणि मग फोडणीचं तेल घेऊन बघा.

जवसाच्या तेलाची मात्र स्वतःची कथा आहे आणि त्याच्यावरूनच घरात दोन पार्ट्या पडतात. जुन्या माणसांना ते पाहिजेच, नव्यांना ते कडसर लागतं, मग एकमेकांना म्हणायचं तुले चव समजत नाई. मुळात दोघंही बरोबर असू शकतात. तेलघाणीतून ताजं काढलेलं जवसाचं तेल कडू नसतं, त्याला दाण्यासारखा खमंगपणा असतो. पण त्यात सायक्लोलिनोपेप्टाइड नावाचे छोटे घटक असतात, हवा लागून ते बदलले की कडू होतात, २००७ साली जर्मन संशोधकांनी साठवलेल्या तेलातला हा कडवटपणा नेमका कशाचा ते शोधून काढलं. शिवाय या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ जातीचं अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, ते तब्येतीला चांगलं पण हवा, ऊन आणि आच याने लवकर खराब होतं. आजीच्या तरुणपणी गावात घाणी होती, तेल थोडं थोडं आणि ताजं यायचं, आता कुठून तरी बाटली येते आणि खिडकीत ऊन खात महिनोन्‌महिने पडून राहते. नातवाला कडू लागतं ते खरंच कडू झालेलं असतं, आणि आजी जे आठवून खाते ते तेल वेगळं होतं. छोटी बाटली आणा, अंधारात ठेवा, जमलं तर फ्रिजमध्ये, आणि तळायला वापरू नका, ते वरून घ्यायचंच तेल आहे. भाजलेल्या जवसाच्या चटणीचंही तसंच, पंधरा दिवसांची एकदम कुटून ठेवण्यापेक्षा चार दिवसांची कुटा.

तुपाचं शास्त्र त्यापेक्षा सोपं आहे. लोणी कढवताना तळाची बेरी लालसर होते आणि तिथे नवे वास तयार होतात, म्हणून कणीदार कढवलेल्या तुपाला जो वास येतो तो लोण्याला नसतो. आणि तूप साधारण आपल्या अंगाच्या गरमीच्या आसपास पातळ होतं, त्यामुळे वाफाळत्या वरण-भातावर ते जीव लावतं आणि गार खिचडीवर टाळूला चिकटून बसतं. ज्याला तूप आवडत नाही असं आपण म्हणतो त्याला कदाचित गार जेवणावरचं तूप आवडत नसेल, शेतात डबा नेऊन खाणाऱ्या माणसाने तूप न मागता तेल किंवा ठेचा मागितला तर त्यात नवल नाही. ज्याच्या घरी दुभती म्हैस नव्हती त्याच्याकडे तुपाची सवयच लागली नाही हेही खरं आहे, तेल घाणीवर मिळायचं, तूप सणाला. सगळ्याच आवडी जिभेतून येत नाहीत, काही गोठ्यातून पण येतात.

मिरचीवर येतो. मिरची आपली वाटते पण ती अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजातून भारतात आली, त्याच्या आधी तिखटपणासाठी मिरे, पिंपळी, आलं होतं. म्हणजे आपली ज्वारीची भाकर मिरचीपेक्षा कितीतरी जुनी आहे, त्या भाकरीने कितीतरी शतकं ठेचा पाहिलाच नव्हता. आणि आज नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, इतकी ती इथली झाली.

मिरचीत कॅप्सेसिन असतं. आपल्या नसांच्या टोकाला टीआरपीव्ही-१ नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे खबर टिपणारी जागा असते, त्याचं मूळ काम साधारण ४३ अंशाच्या वर गरमी गेली की चटक्याची खबर देणं, आणि कॅप्सेसिन नेमकं तिथेच जाऊन बसतं, म्हणजे मेंदूला वाटतं तोंड भाजतंय. हे १९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. आता हे माहीत झालं की घरातल्या कितीतरी गोष्टी उलगडतात. कढईतून उतरवलेल्या चुनासोबत ठेचा जास्त झोंबतो आणि तोच ठेचा गार भाकरीसोबत कमी झोंबतो, कारण गरमी आणि मिरची दोघंही एकाच रिसेप्टरला हलवतात. पाणी पिऊन आग विझत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि दह्या-ताकातलं केसिन हे प्रोटीन त्याला धरून जिभेवरून सोडवतं. ठेच्यावर तेलाची धार ओतणारी आजी म्हणते "काहीच तिखट नाई" आणि तेल न घेणाऱ्या नातवाच्या डोळ्यांतून पाणी येतं, ठेचा एकच असूनही दोघांच्या जिभेपर्यंत पोचलेली मिरची सारखी नसते.

शिवाय सवय. रोज मिरची खाणाऱ्याच्या त्या नसा हळूहळू दबतात, तीच मिरची कमी आग लावते, आणि बरेच दिवस सोडली की परत आग लागते. दवाखान्यात राहून, पथ्याचं खाऊन आलेल्या माणसाला घरचा पहिला ठेचा सहन होत नाही तो याच्यामुळे, त्याला "एवढ्यात शहरी झाला का" म्हणू नका.

पण सहन होणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉल रोझिन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ याचा अभ्यास करायला मेक्सिकोतल्या एका डोंगराळ गावात गेले होते, तिथेही आपल्यासारखंच रोज मक्याची पोळी आणि मिरची. त्यांना दिसलं की पोरांवर कोणी जबरदस्ती करत नव्हतं, मोठी माणसं आवडीने खातात ते पोरं बघायची, थोडं थोडं चाखायची आणि साधारण पाच ते आठ वर्षांच्या वयात आपणहून मागायला लागायची. गावातली डुकरं-कुत्रीही रोज तेच मिरचीवालं उष्टं खात होती, पण बिनमिरचीचं आणि मिरचीचं समोर ठेवलं तर त्यांना मिरचीचं जास्त आवडलं असं काही दिसलं नाही. म्हणजे नुसत्या सवयीने आवड लागत नाही, सोबतीने लागते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे चार वर्षांच्या पोट्ट्याच्या तोंडात गंमत म्हणून ठेचा कोंबणारे लोक मी बघितलेत, ते रडलं की सगळे हसतात. असं करू नका. तो मिरचीला कायमचा घाबरू शकतो, आणि त्याच्या जागी तुम्ही त्याच्यासमोर आवडीने भुरका-भाकर खाल्ली असती तर तो आपोआप हात पुढे करून मागायला आला असता.

आता ती सांबार वेचणारी पोट्टी. कोथिंबिरीच्या पानांत अल्डिहाइड जातीचे वास असतात, त्यातले काही साबणातही असतात. काही लोकांना जन्मतःच हा वास जास्त तीव्र येतो, २०१२ मध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात याचा संबंध ओआर६ए२ नावाच्या वासाच्या रिसेप्टरच्या जीनजवळच्या एका छोट्याशा फरकाशी सापडला. त्याच वर्षी कॅनडात वेगवेगळ्या वंशाच्या तरुणांना विचारलं तेव्हा भारत आणि आसपासच्या देशांच्या मुळाचे १०० पैकी साधारण ७ जण कोथिंबीर आवडत नाही म्हणाले, युरोपीय मुळाचे १७. जीन हे पूर्ण कारण नाही, लहानपणापासून रोजच्या जेवणात असली की बहुतेकांना ती आवडायला लागते, पण म्हणजे पन्नास घरांच्या टोलीत दहा-पंधरा माणसं अशी निघू शकतात ज्यांना हिरवा सांबार नकोसाच वाटतो आणि ते बिचारे जन्मभर ऐकून घेत असतात. गंमत बघा, हीच पोट्टी सांबारवडी मात्र चार-चार खाते. तिथे सांबार तळला जातो, मसाल्यात मुरतो आणि हे उडून जाणारे वास बरेचसे निघून जातात. वाटलेल्या चटणीतही पानातली एन्झाइम्स त्यांना हळूहळू मोडतात. म्हणून तिला वरून हिरवा सांबार टाकू नका, वाटीत बाजूला ठेवा, पाहिजे त्याने घ्यावा. इतकं सोपं आहे.

कडूचंही असंच. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या केमिस्टच्या लॅबमध्ये एक पावडर हवेत उडाली, बाजूचा माणूस म्हणाला तोंड कडू झालं आणि फॉक्सला काहीच कळेना. तिथून शोध लागत गेला की काही लोकांना ठराविक जातीचे कडू पदार्थ कळतच नाहीत आणि काहींना फार कळतात, हे बऱ्याच अंशी एका जीनवर ठरतं. मुळा, कोबी, मोहरीचा पाला यांतल्या कडसरपणाशी त्याचा संबंध येतो. चुनासोबत कच्चा मुळा कचाकचा चावून खाणारा आणि मुळा बघून तोंड वाकडं करणारा, दोघं सख्खे भाऊ असू शकतात. ज्याला तो कडू लागतो त्याने मुळ्याला मीठ लावून खावं, मीठ फक्त खारटपणा आणत नाही, ते कडूपणा दाबतं.

लसणाचं एक सांगून पुढे जातो. अख्खी पाकळी जवळजवळ बिनवासाची असते, ती ठेचली की तिच्यातल्या दोन गोष्टी एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं, झोंबतं ते हे. आधी तव्यावर भाजली तर ते तयार करणारं एन्झाइमच मरतं. म्हणजे कच्चा लसूण खलात कुटलेला ठेचा आणि मिरची-लसूण भाजून मग कुटलेला ठेचा हे दोन वेगळे पदार्थ आहेत, "माझ्या माहेरी असा नसतो" म्हणणारी बाई बरोबर असते.

माहेराचा विषय निघालाच आहे तर ते थोडं निवांत सांगतो, कारण या सगळ्यात सगळ्यात जास्त त्रास सुनांनी सोसलाय.

आईने खाल्लेल्या अन्नाचे वास गर्भाच्या भोवतालच्या पाण्यात उतरतात आणि नंतर दुधातही उतरतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल सेंटर नावाची संस्था आहे, तिथे ज्युली मेनेला आणि सोबत्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की आईने लसणाची कॅप्सूल घेतली तर त्या पाण्याच्या वासावरून ते ओळखता येतं. २००१ मध्ये त्यांनी काही बायकांना बाळंतपणाआधीच्या शेवटच्या महिन्यांत किंवा दूध पाजायच्या काळात गाजराचा रस प्यायला दिला, आणि पुढे त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं खाणं इतरांपेक्षा जास्त खुशीने स्वीकारलं. म्हणजे माणूस पहिला घास खायच्या कितीतरी आधी आपल्या घराची फोडणी ओळखतो.

आता विचार करा, विदर्भ एक म्हणतो आपण पण त्यात किती फरक आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे झाडीपट्टीत धानाची शेती, तलावाची मासोळी, रोज भात. अकोला, बुलडाणा, यवतमाळ, अमरावतीकडे वऱ्हाडात ज्वारी, तूर, कापूस, रोज भाकर. झाडीपट्टीतली पोरगी लग्न होऊन वऱ्हाडात येते, तिच्या जिभेला भातावर ओघळणारं पातळ, तिखट-आंबट ओळखीचं, आणि सासरी चून पाहिजे घट्ट, त्याच्यावर तेल. ती पहिल्या महिन्यात जे रांधते ते तिच्या आईच्या पोटात असताना शिकलेलं असतं, आणि पंगतीत कोणीतरी म्हणून जातं, "सूनबाईच्या हाताले चव नाई बावा". हे वाक्य मला आजही ऐकवत नाही. तिच्या हाताला चव असते, ती फक्त तुमच्या लहानपणाची नसते. आणि तिला तुमचं जेवणही सुरुवातीला तसंच परकं लागत असतं, तिचं मात्र कोणी विचारत नाही. नवीन चव पोरांना आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखावी लागते असं बाळांच्या आहारावर काम करणारे सांगतात, मोठ्यांनाही वेळ लागणारच. तोवर तिच्या माहेरची चटणी ताटात असू द्या. लोणच्याच्या बरणीशेजारी तिच्या आईने दिलेली बरणी ठेवायला फळीवर जागा असते.

वरून काही घ्यायची गरजच का पडते याचंही एक उत्तर आहे. रोजचं अन्न, म्हणजे भाकर, भात, वरण, खिचडी, हे सौम्य असतं आणि असायलाच पाहिजे, पोट त्यावरच भरायचंय. पण एकाच चवीला तोंड कंटाळतं, पोट भरायच्या आधी कंटाळतं. १९८१ च्या सुमारास बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्लंडमध्ये हे तपासून दाखवलं, जो पदार्थ खात बसलोय त्याची गोडी उतरत जाते पण दुसऱ्या चवीची भूक तशीच राहते. म्हणून दोन घास चून, मग कांद्याचा तुकडा, मग खाराचं बोट, आणि चून परत नवं लागतं. आपल्या पंगतीत ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर वाढतात, ती रचना करणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं, वाढणारा सगळ्यांना सारखं वाढतो आणि प्रत्येकजण आपल्या जिभेप्रमाणे आपला घास जुळवतो. बसस्टँडवरच्या टपरीवर तर्री-पोहे (तर्री म्हणजे वरून ओतायचा तिखट रस्सा) मागताना कोणी "तर्री मारके" म्हणतो, कोणी "तर्री वेगळी द्या", तिथे कोणी कोणाला नखरे म्हणत नाही, मग घरीच काहून म्हणतो?

खिचडीवर पापड चुरून घेणाऱ्यांसाठी एक ओळ, कुरकुरीतपणा कानानेही खाल्ला जातो. ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स खायला दिले, चावण्याचा आवाज मोठा केला की लोकांना तेच चिप्स जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटायचे. मऊ खिचडीत आवाजच नसतो, तो पापड आणतो.

आता ते कारण, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल. आयुष्यभर ठेचा खाणारा माणूस, तरणाताठा, अचानक म्हणायला लागला की तिखट सहन होत नाही, साधी भाजी पण झोंबते, भुरका नको, नुसतं दही द्या, तर हसू नका आणि वय झालं म्हणून सोडूनही देऊ नका. आपल्या भागात खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) किती खाल्ला जातो ते सांगायला नको, शाळेतल्या पोरांपासून बायांपर्यंत. त्यातल्या सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी हळूहळू कडक आणि पांढुरकी होते, त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याचं अगदी सुरुवातीचं लक्षण बऱ्याचदा हेच असतं, तिखट खाल्लं की तोंडात आग. पुढे तोंड उघडणं कमी होत जातं, मोठा घास जात नाही, आणि काही जणांत त्याचा कॅन्सर होतो. आपली तीन बोटं उभी एकावर एक तोंडात मावतात का बघा. मावत नसतील, किंवा तिखट अचानक असह्य झालं असेल, तर दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवा, खर्रा त्याच दिवशी बंद. ताटात ठेचा मागे सरकवणारा हात घरातल्या बाईलाच सगळ्यात आधी दिसतो, तिने हे ओळखलं तर माणूस वेळेत दवाखान्यात पोचू शकतो.

राहिली म्हातारी माणसं. साठीनंतर वास कमी यायला लागतो, थुंकी कमी होते, काही गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी चव येते, झिंक कमी पडलं तरी चव जाते. त्यामुळे बुढा म्हणतो "मीठच नाई", सून म्हणते मी तर नेहमीएवढंच टाकलं, दोघंही खरं बोलतात आणि घरात धुसफूस. त्यात बुढ्याला बीपी असतो आणि तो लोणचं, पापड, मिठाची चटणी ओढून घेतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमीच, सगळं धरून, लोणचं-पापडासकट. इथे वरून घ्यायच्या गोष्टीच कामी येतात. गेलाय तो मुख्यतः वास, जीभ तुलनेने शाबूत असते, म्हणून वास वाढवा, फोडणीत लसूण-हिंग थोडा जास्त, भाजलेल्या जवस-तिळाची चटणी बिनमिठाची आणि त्याच दिवशी कुटलेली, वरून लिंबू कारण आंबट असलं की कमी मीठही पुरेसं वाटतं. आणि चून रांधताना मीठ थोडं कमी टाकून अगदी चिमूटभर मीठ त्यांच्या ताटातल्या चुनावर वरून भुरभुरवा, आत मुरलेल्या मिठापेक्षा वरचं मीठ जिभेला थेट लागतं, त्यांना जेवण खारं लागेल आणि पोटात एकूण मीठ कमीच जाईल.